हाडांआधीचं रक्त : गावरान अंडी, एक फलक आणि खान्देशचा उन्हाळा

आमचं कनिष्ठ महाविद्यालय अमळनेर तालुक्यातलं. अकरावीची पाच मुलं आणि मी, असे सहा जण. ठरवलं होतं की गर्भात रक्त कुठे बनतं यावरचा प्रकल्प विज्ञान दिनापर्यंत, म्हणजे चार आठवड्यांत आटपायचा. प्रत्यक्षात आखाजी (अक्षय्य तृतीया) दारात आली तेव्हा कुठे हात धुतले. वहीत जसं लिहिलं तसंच इथे उतरवते आहे. शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत.

१ फेब्रुवारी २०२५

अस्थिमज्जा शिकवत होते. तांबड्या-पांढऱ्या पेशी हाडांच्या पोकळीत तयार होतात, असं म्हणून फळ्याकडे वळले तर मागून वैष्णवीनं विचारलं, "मॅडम, पोटातल्या बाळाचं हृदय बाविसाव्या दिवसाच्या आसपास धडधडायला लागतं, असं तुम्हीच परवा सांगितलं. तेव्हा त्याला हाडं असतात का?"

नसतात. माणसाच्या गर्भात मज्जेत रक्त बनायला दहा-अकरा आठवडे उजाडतात. मग तोवर हृदय ढकलतं काय? मला चार ओळींचं उत्तर येत होतं, पाचवी विचारली असती तर पंचाईत झाली असती. म्हणून प्रकल्प. एक फलक करायचा, त्यावर सस्तन प्राण्याच्या गर्भात रक्त कुठे कुठे बनतं ते दिव्यांनी दाखवायचं. आणि सोबत कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडून ते सुरू होताना डोळ्यांनी बघायचं. सस्तन प्राण्याचा गर्भ आईच्या पोटात, तो आपल्याला दिसणार नाही. अंडं दिसतं.

५ फेब्रुवारी

उबवणपेटी. औषधाच्या दुकानातून थर्माकोलचा खोका फुकट मिळाला. डब्ल्यू १२०९ नावाचा छोटा थर्मोस्टॅट १९० रुपये, ४० वॅटचा बल्ब, होल्डर, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, ओलाव्यासाठी पाण्याची वाटी. वायरिंग गौरवनं केलं, त्याच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे.

पेटी ३७.८ वर लावली. थर्मोस्टॅट ३७.८ दाखवतो म्हणून खूश होतो. संध्याकाळी अंडी ठेवायच्या जाळीवर साधा थर्मामीटर ठेवला तर ३५.४. सेन्सर बल्बच्या शेजारी टांगला होता. आता तो अंड्यांच्या उंचीवर, दोन अंड्यांच्या मध्ये चिकटवला आहे. हे पहिल्याच दिवशी कळलं ते नशीब. अडीच अंशांनी गर्भ मरेलच असं नाही, पण तासांचा हिशोब पार चुकतो, आणि आमचं सगळं काम तासांवर आहे.

११ फेब्रुवारी

सहा दिवस वाया. शनिवारी स्टँडजवळच्या दुकानातून डझनभर पांढरी अंडी आणली, ८४ रुपये. तीन दिवस उबवली. उघडली तर काहीच नाही, नुसता बलक. पेटीला दोष देत पंखा बदलला. मग शिपाई आप्पा हसत म्हणाले, "मॅडम, पोल्ट्रीत कोंबडा असतो का?"

नसतो. अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांची अंडी फलित नसतात. मी एम.एस्सी. झूलॉजी आहे, हे इथे नमूद करून ठेवते.

१३ फेब्रुवारी

फलित अंडी गावरानच हवीत. तापीकाठच्या एका वस्तीवर जिभाऊंकडे पंधरा-वीस कोंबड्या आणि दोन कोंबडे मोकळे फिरतात. एक अंडं १५ रुपये. "ताजा शेतस ताई, आजनाच," म्हणून दहा दिली. मुलांना हातमोजे आणि साबण सक्तीचा केला. एका पालकाचा फोन आला होता, बर्ड फ्लूचं काय? प्रश्न रास्त आहे. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये सापडला, २०२१ मध्ये तिथेच पुन्हा. खान्देशातला माणूस हे विसरत नाही. जिभाऊंच्या कोंबड्या धडधाकट आहेत, आसपास मर नाही, हे विचारून घेतलं.

अंडी आडवी ठेवली, वरच्या बाजूला पेन्सिलनं फुली. आडव्या अंड्यात गर्भाची चकती आपोआप वर, फुलीखाली येते. खिडकी पाडेपर्यंत अंडं फिरवायचं नाही.

१५ फेब्रुवारी

खिडक्या. पहिली तीन अंडी गेली. कवच कापताच कात्रीला चकती चिकटून फाटली, कारण चकती कवचाला आतून जवळजवळ टेकलेली असते. आधी तिला खाली बसवावं लागतं. चौथ्यापासून असं केलं: बोथट टोकाला सुईनं भोक, १८ नंबरची सुई खालच्या दिशेला तिरकी घालून अडीच मिली पातळ पांढरं काढून घ्यायचं, भोक चिकटपट्टीनं बंद. मग फुलीवर चिकटपट्टी लावायची (कवचाचे कण आत पडत नाहीत) आणि बारीक कात्रीनं दोन सेंटिमीटरची लांबट खिडकी. आत सलाइनचा एक थेंब. वर पारदर्शक पट्टी, आणि परत पेटीत.

सिरिंजमध्ये पिवळं आलं तर सुई सरळ गेली, ते अंडं सोडून द्या. आमची अशी दोन गेली. दहापैकी चालू राहिली पाच.

१६ फेब्रुवारी

पाहिलं.

३० तास: पिवळ्यावर फिकट पांढरी चकती, मधे गर्भाची रेघ. रक्ताचा पत्ता नाही असं वाटलं. मग गर्भाच्या शेपटाकडच्या बाजूला, गर्भाच्या बाहेर, चंद्रकोरीसारख्या पट्ट्यात ठिपक्याठिपक्यांचं काहीतरी दिसलं. हीच रक्तबेटं, म्हणजे पहिल्या रक्तपेशींचे पुंजके. अजून लाल नाहीत, मातकट.

काहीच नीट दिसेना म्हणून मोहितनं शक्कल लढवली: चकतीखाली शाई सोडू, पांढऱ्यावर काळं उठून दिसेल. हे तंत्र खरंच आहे, पण त्यासाठी कार्बनची इंडिया इंक लागते, तीही पातळ करून. आम्ही दफ्तरातली फाउंटन पेनची निळी शाई घातली. दोन तासांत गर्भ मेला. पाचातलं एक गेलं.

त्यावर उतारा गौरवनं काढला, तोही फुकटात. टॉर्चला पतंगाचा हिरवा जिलेटिन कागद लावला. हिरव्या उजेडात पिवळा बलक उजळ दिसतो आणि रक्त काळं. ठिपके खडखडीत दिसायला लागले. डिसेक्टिंग मायक्रोस्कोपच्या भिंगावर मोबाईल टेकवून फोटो काढले.

४२ तास: हृदय. एक वाकडी नळी, आळशीपणे हलते. अंडी आमच्या विहिणीच्या जुन्या घरी नेऊन ठेवली होती, कारण कॉलेजात रात्री लाइट बंद करतात. तिच्या सासूबाईंनी भिंगातून बघितलं आणि "माय वं! त्यानं काळीज उडी ऱ्हायनं!" म्हणत पदर तोंडाला लावला. नंतर दर तासाला त्याच येऊन बघत होत्या.

६६ तास: गर्भाच्या दोन्ही बाजूंनी दोन जाड वाहिन्या निघून बाहेर बलकभर फाटे फुटलेले. रक्त लाल.

मुलांनी यातून जे उचललं ते मी सांगितलं नव्हतं. वैष्णवी म्हणाली, रक्त बाळाच्या अंगात बनतच नाहीये, अंगाबाहेर बनतंय. बलकावरच्या पातळ पडद्यात. हृदय नंतर येतं आणि बाहेरचं रक्त आत ओढतं.

तिसऱ्या दिवसाअखेर अंडी फ्रीझरमध्ये टाकून काम थांबवलं. त्यापुढे नेऊ नये असं मला वाटलं, आणि मुलांनाही. खड्डा करून पुरली, चुना टाकला.

१९ फेब्रुवारी

फलक, पहिली आवृत्ती. दोन बाय तीन फुटांचा एमडीएफ, ३२० रुपये. रचना मोहितची. सुरत–भुसावळ पॅसेंजरसारखी चार स्टेशनं एका ओळीत: बलकाची पिशवी, महाधमनी, यकृत, अस्थिमज्जा. एक दिवा विझला की पुढचा लागतो. गाडी पुढे सरकली.

पहिल्या जोडणीत तीन एलईडी जळाले, रेझिस्टर घातलेच नव्हते. १२ व्होल्टला प्रत्येकी एक किलो-ओहम घातल्यावर टिकले.

एक गोष्ट मुलांना खटकत होती. माणसाच्या गर्भात बलक कुठून आला? नाही आला. आपल्याकडे ती पिशवी असते पण रिकामी, पिवळं काहीच नाही. पोषणाचं काम वारेनं घेतलं. पिशवी मात्र उरली आणि पहिलं रक्त अजूनही तिच्याच भिंतीत बनतं. माणसात साधारण सोळाव्या ते एकोणिसाव्या दिवसाच्या सुमाराला.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. फलक लावला, अंड्यांचे फोटो लावले. गर्दी बरी होती. अपमान दोन झाले.

पहिला: एका बालरोगतज्ज्ञांनी फलकाकडे बघून शांतपणे विचारलं, "साडेसात दिवस? माणसाच्या गर्भात?" आम्ही बलकाच्या पिशवीखाली "साडेसात दिवस" लिहिलं होतं. तो आकडा उंदराचा. उंदराचा गर्भ एकोणीस-वीस दिवसांत जन्मतो, त्यात साडेसातव्या दिवशी रक्तबेटं दिसतात. माणसाचा गर्भ साडेसातव्या दिवशी अजून गर्भाशयाच्या भिंतीत रुतत असतो, तिथे रक्त कुठलं. मी वाचताना उंदराचे दिवस आणि माणसाचे आठवडे एकाच कागदावर उतरवले होते. हे कोणीही करू नये. दोन रंगांचे कागद वापरा.

दुसरा अपमान जास्त महागात पडला. सातवीतला एक मुलगा गाडी चालताना बघत होता. म्हणाला, "नंदुरबारला जे उतरले ते कुठे गेले?"

मोहितनं सांगितलं, कोणी उतरत नाही, सगळे भुसावळला जातात. मुलगा हसला. त्याच्या वडिलांची नंदुरबारला बदली झाली होती म्हणे.

४ मार्च

त्या पोराच्या प्रश्नानं फलक मोडला. चार दिवस वाचत होते. आमची गाडी तीन ठिकाणी खोटी आहे.

एक. ही गाडी एका ओळीत चालतच नाही. १९७० साली मूर आणि मेटकाफ यांनी असंच सुचवलं होतं की बलकाच्या पिशवीतल्या मूलपेशी (ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी तयार होतात) यकृतात जातात आणि तिथून पुढे, म्हणजे आमचीच पॅसेंजर. १९७५ मध्ये फ्रान्समध्ये फ्रांस्वाझ दीतर्लें-लिएव्र यांनी बटेराचा गर्भ कोंबडीच्या बलकपडद्यावर बसवला. बटेराच्या पेशींचं केंद्रक रंगवल्यावर वेगळं ओळखू येतं, ही युक्ती निकोल ल दुआरें यांची. कायमचं रक्त कोंबडीच्या पडद्यातून आलं असतं तर कोंबडीचं दिसलं असतं. दिसलं बटेराचं. म्हणजे आयुष्यभर पुरणाऱ्या रक्ताचा स्रोत गर्भाच्या अंगातच कुठेतरी आहे. १९९६ साली मेदविन्स्की आणि जिएर्झाक यांनी उंदराच्या गर्भातला महाधमनीजवळचा भाग वेगळा वाढवून दाखवला की रक्ताच्या खऱ्या मूलपेशी तिथे स्वतःहून तयार होतात, दहाव्या-अकराव्या दिवशी. धमनीच्या तळाकडच्या भिंतीतल्या पेशीच भिंत सोडून गोल होतात आणि रक्ताच्या होतात. २०१० मध्ये हे जिवंत गर्भांत होताना पाहिलं गेलं.

हे वाचून झाल्यावर पोळी करपली, ते वेगळं.

दोन. यकृत हे आमच्या फलकावर कारखान्यासारखं होतं, जणू तिथेच पेशी जन्माला येतात. नाही. यकृतात त्या बाहेरून येऊन वस्ती करतात आणि तिथे त्यांची संख्या वाढते. माणसात पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून पुढचे काही महिने रक्ताचा मुख्य कारभार यकृताचा. मज्जा त्यानंतर सूत्रं घेते.

तीन, म्हणजे त्या पोराचा प्रश्न. उतरलेले उतरतात आणि तिथेच राहतात. बलकाच्या पिशवीतून निघालेल्या काही पेशी मेंदूत शिरतात आणि मेंदूच्या रखवालदार पेशी होतात, मायक्रोग्लिया. २०१० साली उंदरांत हे ठामपणे दाखवलं गेलं. त्या तिथेच वाढतात, तिथेच पिढ्या काढतात. निरोगी मेंदूत मज्जेतून नवी भरती होत नाही. म्हणजे ज्या पिशवीचा आमच्या फलकावरचा दिवा आम्ही दोन सेकंदांत विझवला, तिची माणसं म्हातारपणापर्यंत डोक्यात बसलेली असतात.

साखरेच्या हंगामात सातपुड्यातून ऊसतोडीला गुजरातेत जाणारे परत येतात. काही घरं मात्र सुरतेतच राहिली, आता तिथलीच झाली. आमच्या फलकाला परत येण्याचं तेवढं माहीत होतं.

९ मार्च

फलक, दुसरी आवृत्ती. जुना एमडीएफ उलटा करून वापरला, खर्च वाचला. आता स्टेशनं नाहीत. मधे गर्भाची आकृती, खडूनं मोठी. पिशवी, महाधमनी, यकृत, मज्जा, मेंदू, कातडी, आतडं, थायमस (छातीतली ग्रंथी). तीन लाटा, तीन रंग.

पिवळी: बलकाच्या पिशवीतली पहिली लाट. मोठ्या केंद्रकवाल्या तांबड्या पेशी, सुरुवातीच्या भक्षक पेशी, रक्त गोठवणाऱ्या कणांच्या पूर्वज पेशी. केशरी: त्याच पिशवीतली दुसरी लाट, उंदरात सव्वाआठ-साडेआठव्या दिवसाच्या पुढे. या पेशी यकृतात जाऊन गर्भाचं बरंचसं रक्त चालवतात, पण आयुष्यभर पुरत नाहीत. लाल: महाधमनीच्या भिंतीतून निघालेल्या मूलपेशी, ज्या यकृतमार्गे मज्जेत पोचतात आणि पुढची सगळी वर्षं निभावतात.

गौरवला आर्डुइनो (दिवे आपोआप चालवणारं छोटं संगणक-सर्किट) लावायचा होता. नको म्हटलं. प्रत्येक दिव्याला रेडिओच्या व्हॉल्यूमसारखा नॉब दिला, प्रत्येकी १८ रुपये. एक दिवा मंद होत असताना दुसरा वाढवता येतो. एकावर एक चढलेल्या लाटा दाखवायला हाच उपाय जमला, आणि मुलांचा हात नॉबवर असल्यामुळे त्यांना पाठही झालं.

१५ मार्च

होळीच्या सुटीत स्लाइड्स. अंड्यातलं रक्त लीशमन स्टेननं रंगवलं. सगळ्या तांबड्या पेशींत केंद्रक. मुलांनी लगेच वहीत लिहिलं: "गर्भाच्या रक्तात केंद्रक असतं, मोठेपणी जातं." चूक. कोंबडीच्या तांबड्या पेशीत केंद्रक मरेपर्यंत असतं, म्हातारी कोंबडी कापा, तरीही. इथे अंडं आपल्याला फसवतं.

सस्तन प्राण्यासाठी गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या तंत्रज्ञ भाऊंनी एका नवजात बाळाची जुनी, नाव-नंबर काढलेली स्लाइड दिली. त्यात शोधून शोधून चार केंद्रकवाल्या तांबड्या पेशी सापडल्या. आम्ही खाली चिठ्ठी लावली: "पहिल्या लाटेची पेशी." भाऊंनी ती चिठ्ठी हातानं फाडली. पहिल्या लाटेच्या पेशी जन्माच्या कितीतरी आधी संपतात. उंदरात त्या रक्तात फिरता फिरताच, साडेबारा ते साडेसोळाव्या दिवसांत, केंद्रक टाकतात. जन्मलेल्या बाळाच्या रक्तात ज्या चार दिसल्या त्या नंतरच्याच, मज्जेतून किंवा यकृतातून केंद्रक टाकण्याआधी घाईनं बाहेर पडलेल्या. दोन-चार सापडणं बाळात सामान्य.

नवी चिठ्ठी लिहिली, लांब आहे पण खरी आहे.

कोंबडी आणखी एका बाबतीत सस्तन प्राण्यांशी जुळत नाही. तिच्या शेपटाजवळ फॅब्रिशियसची बर्सा नावाची पिशवी असते, रोगांशी लढणाऱ्या बी पेशी तिथे तयार होतात. त्यांच्या नावातला "बी" त्या बर्साचाच. आपल्याला ती पिशवी नाही. आपल्या बी पेशी आधी गर्भाच्या यकृतात आणि मग मज्जेत वाढतात. टी पेशींचं थायमस मात्र दोघांकडे.

५ एप्रिल

दुसऱ्या शाळेसाठी अंड्यांचा प्रयोग पुन्हा दाखवायचं कबूल केलं होतं. वीस अंडी आणली. बावीस तासांनंतर उघडली तर निम्म्यांत चकती विस्कटलेली, लाळेसारखी. दोन अंड्यांत रक्ताचं कडं, गर्भ मेलेला.

पेटी ठीक. जिभाऊंच्या कोंबड्या त्याच. दोष उन्हाचा. फलित अंडं थंड ठेवलं तर गर्भ झोपून राहतो, वीस-एकवीस अंशांच्या वर गेलं की हळूहळू जागा होतो. जिभाऊंची टोपली पत्र्याच्या शेडमध्ये. बाहेर ४२. अंडी पेटीत जाण्याआधी टोपलीतच दोन-तीन दिवस अर्धवट उबत होती, दिवसा वाढायची, पहाटे थबकायची. फेब्रुवारीत हे कळलं नाही कारण तेव्हा रात्री गारठा होता.

फ्रिजमध्ये ठेवून पाहिलं, चार-पाच अंश. दोन दिवसांत निम्मी मेली. शेवटी जिभाऊंना मोठं रिकामं रांजण दिलं, बाहेरून ओलं गोणपाट, तळाला वाळू, आत कपड्यात अंडी, वर झाकण. आत २३-२४ राहतं. तरीही सांगणं एकच: अंडं त्याच दिवसाचं उचलायचं. ३०० रुपये वाया.

१२ एप्रिल

आता उलटी अडचण. बाहेर ४३, खोलीत ३९. बल्ब बंद, तरी पेटी ३९.५ दाखवते. पेटीला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. थर्माकोलनं उष्णता आत कोंडून ठेवली. दुपारी एक बॅच गेली.

कूलर लावला तर खोलीत ओलावा इतका की खिडकीवरची चिकटपट्टी सुटली. मग पेटी पुन्हा विहिणीच्या सासूबाईंच्या धाब्याच्या घरात. मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. भरदुपारी माजघरात ३३. बल्ब पुन्हा कामाला लागला, पेटी ३७.७ वर आली आणि तिथेच राहिली. एप्रिल-मेमध्ये हे करायचं असेल तर सिमेंटच्या वर्गात करू नका. धाब्याचं घर शोधा. आमच्याकडे अजून आहेत.

लाइट दोनदा गेली, एकदा पन्नास मिनिटं. पेटी गोधडीत गुंडाळली, दोन अंश उतरली, गर्भ तगले. घाबरून पेटी उघडू नका.

१९ एप्रिल

फलक वसतिगृहात नेला. तिथल्या मुलांत धडगाव-अक्कलकुव्याकडची बरीच. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक रोग) हा शब्द मुलांना पाठ आहे, घरात कोणाला तरी असतो. तिथल्या एका मुलीनं विचारलं, तिच्या बहिणीला जन्मल्यावर काहीच त्रास नव्हता, नंतर हातपाय सुजायला लागले. रोग जन्मापासूनच होता तर दिसला का नाही?

फलकात याचं उत्तर नव्हतं. रात्री बसून खाली पट्टी जोडली. पेशी कुठे बनते एवढंच बदलत नाही, तिच्यातलं हिमोग्लोबिनही बदलतं. अगदी सुरुवातीच्या पेशींत वेगळं, गर्भाच्या यकृतातल्या पेशींत अल्फा आणि गॅमा या प्रथिनसाखळ्यांचं, मोठेपणी अल्फा आणि बीटाचं. सिकलसेलची चूक बीटा साखळीत, सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्यात गॅमावालंच जास्त असतं, म्हणून बिघडलेली बीटा असूनही पेशी वाकत नाही. पहिल्या सहा महिन्यांत गॅमा ओसरते, बीटा वाढते, आणि मग त्रास सुरू होतो.

पट्टीवर लाकडी मणी लावले, निळे गॅमाचे, लाल बीटाचे. सरकवत गेलं की गॅमाची जागा बीटा घेताना दिसते. मुलीनं स्वतः दोनदा सरकवून बघितलं. तिथल्या आरोग्यसेविका ताईंनी एक भर घातली, ती मी लगेच पट्टीवर लिहिली: तान्ह्या बाळाची सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण तेव्हा बिघडलेलं हिमोग्लोबिन थोडंच असतं. सहा महिन्यांहून लहान बाळाला एचपीएलसीसारखी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी) तपासणी हवी. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेमुळे त्यांच्याकडे तपासणीचं काम बरंच वाढलंय.

गॅमाचं बटण मोठेपणी पुन्हा चालू करता येतं का, असंही एकानं विचारलं. येतं. बीसीएल११ए नावाचा जीन गॅमाला दाबून ठेवतो; मज्जेतल्या मूलपेशी काढून त्यांच्यात त्याची कळ फिरवायची आणि परत द्यायच्या, असा उपचार २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये पहिल्यांदा मंजूर झाला. किंमत विचारू नका म्हटलं. त्यांनी विचारलीच.

२७ एप्रिल

तीन दिवसांवर आखाजी. मुली झोके बांधायला गावी निघाल्या, फलक बंद करायचा आजच.

शेवटची दुरुस्ती कातडीच्या दिव्याची. कातडीतल्या रखवालदार पेशी, म्हणजे लँगरहान्स पेशी, बऱ्याचशा गर्भाच्या यकृतातून आलेल्या, थोड्या थेट बलकाच्या पिशवीतून. आम्ही एकच रंग लावला होता. आता एकाच भोकात पिवळा आणि केशरी असे दोन एलईडी बसवलेत, केशरीचा नॉब जास्त उघडा. आतड्याला मात्र लाल. तिथल्या भक्षक पेशी मोठेपणी बहुतेक मज्जेतून येणाऱ्या रक्तपेशींनी बदलल्या जातात. मेंदूचा पिवळा दिवा थेट जोडलाय, त्याला नॉबच नाही. मोहितचा आग्रह.

एकूण खर्च २,३४० रुपये. त्यातले अंड्यांचे ९००च्या वर, म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त, आणि तेही बरेचसे आमच्या चुकांचे. वेळ बारा आठवडे. पेटी विहिणीच्या सासूबाई परत देत नाहीत, त्यांनी त्यात जिभाऊंची आठ अंडी एकवीस दिवसांसाठी घातलीत.

वायरिंगचा कागद फलकाच्या मागे चिकटवला आहे. ॲडाप्टर १२ व्होल्टचाच लावा. मणी उजवीकडून डावीकडे सरकवा, उलटे सरकवले की तिसरा अडकतो.